सतरा बिल्ले

अर्ज हेमांगीनं लिहावा, हे बायकांनी परस्परच ठरवून टाकलं. कारखान्यातल्या बायकांमध्ये एम.एस्सी. झालेली ती एकटीच, आणि तिचं अक्षर ऑफिसातल्या निमेश सरांना न अडखळता वाचता येण्यासारखं.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला तो मध्यम आकाराचा कारखाना औषधांसाठी लागणारी रसायनं बनवायचा. हेमांगी तिथल्या प्रयोगशाळेत मालाची गुणवत्ता तपासायची. रोज सकाळी उमरोळीहून कंपनीच्या बसनं यायची आणि दिवसभर नमुन्यांत बुडून जायची. तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती अहवालावर सही करत नसे. एकदा प्लांटचे मॅनेजर घड्याळ दाखवत डोक्यावर उभे राहिले, तरी तिनं तोच नमुना तिसऱ्यांदा तपासला होता.

त्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटांत, तिनं अर्ज लिहून काढला.

"लिही, 'आम्हा महिला कर्मचाऱ्यांना असुरक्षित वाटते,'" पॅकिंगची सुपरवायझर स्वाती सांगत होती. "आणि खाली, 'सदर व्यक्तीला महिलांच्या चेंजिंग रूममध्ये येऊ देऊ नये. महिलांच्या यादीत तिचे नाव असावे का, याचाही निर्णय व्हावा.'"

सदर व्यक्ती म्हणजे सपना. एडवणच्या मच्छीमार घरातली, उंच, हसरी. पॅकिंगमध्ये ड्रममधल्या पिशवीचं तोंड पिळून सील लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चार महिने ती सगळ्यांबरोबर त्याच खोलीत कपडे बदलत होती, डब्यातली सुक्या बोंबलांची चटणी वाटत होती. मग एका रविवारी कुणीतरी तिला बोईसरच्या बाजारात पाहिलं. दुकानांसमोर टाळी वाजवत मागणाऱ्या हिजड्यांपैकी एका म्हातारीचा हात धरून ती हसत उभी होती. सपनाही त्यांच्यातलीच, हे सोमवारी दुपारपर्यंत अख्ख्या कारखान्याला कळलं. प्लांटमधली दोन पोरं ती दिसली की टाळी वाजवू लागली.

"टाळी मी सोडली," सपनानं त्यांना सुनावलं होतं, "तुम्ही कशाला उचलली? पगार पुरत नाही काय?"

पोरांच्या टाळ्या थांबल्या. बायका मात्र कुजबुजू लागल्या.

अर्जावर सगळ्यात आधी हेमांगीनं सही केली. मग कागद फिरत फिरत येसूबाईंकडे आला. येसूबाई साफसफाईला होत्या. साठीला टेकलेल्या, काटक. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात पदराआड घेतले.

"मी नाय अंगठा देनार."

"का हो मावशी?"

"काय केलंय तिनं?"

"केलं नाही काही, पण..."

"मंग कागदात काय लिवलंय?"

हेमांगीनं वाचून दाखवलं, "असुरक्षित वाटते."

"कुनाला? कवा? चार महिने ती हितंच कपडे बदलत होती. काय झालं ते लिव की! तारीख टाक. तू तर बाटलीवर बी तारीख टाकतेस."

दोघीतिघी फिसकन हसल्या. हेमांगीचे कान तापले.

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं," स्वाती म्हणाली. "आम्ही तिथं कपडे बदलतो. लाज वाटते."

"लाज तर मलाबी वाटते गं. पाठीवर भाजल्याचे डाग हायत माजे. तुमी बगता म्हनून मी भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हाते. म्हनून काय तुमाला भायेर काडू? सायबाकडं चार पडदे मागा. मानूस कशाला काडता?"

पडदे मागण्यात कुणालाच रस नव्हता. सोळा सह्यांचा कागद ऑफिसात गेला.

दुसऱ्या दिवशी निमेश सरांनी हेमांगीला आणि सपनाला एकदमच बोलावलं. ते मनुष्यबळ विभाग बघायचे. आवाज नेहमी मऊ, आणि समोर कायम पाण्याचा ग्लास.

"हे बघा, मला कुणालाच दुखवायचं नाही."

सपनानं टेबलावर एक कार्ड ठेवलं. "सर, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळालेलं ओळखपत्र. तृतीयपंथी म्हणून मला सरकारनं लिहून दिलंय. आता पॅकिंगच्या बायांकडूनही लिहून आणायचं का?"

"कायदा मला माहीत आहे," निमेश सर घाईनं म्हणाले. आणि त्यांना तो खरोखरच माहीत होता. आपण कोण आहोत हे ठरवण्याचा तृतीयपंथी माणसांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच मान्य केला, आणि नोकरीत त्यांना वेगळी वागणूक देता येणार नाही असं २०१९ चा कायदा सांगतो, हे त्यांनी एका प्रशिक्षणात स्वतः शिकवलं होतं. "पण वातावरण बिघडायला नको. तात्पुरती सोय करू. ड्रम शेडच्या मागं जुनं स्टोअर रिकामं आहे, कपडे तिथं बदला. आणि यादीचा निर्णय होईपर्यंत फळ्यावर तुमचा बिल्ला नको. गेटवर वॉचमन सुकाकडे वेगळी वही ठेवतो."

गेटवर दोन फळे होते, एक पुरुषांचा आणि एक महिलांचा. आत येताना आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर अडकवायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. कारखान्यात वायुगळती झाली किंवा आग लागली, की सगळ्यांनी गेटजवळच्या मोकळ्या जागेत जमायचं, आणि सुकानं फळे घेऊन माणसं मोजायची. बिल्ले जास्त आणि माणसं कमी भरली, तर कुणीतरी आत अडकलंय असा अर्थ. मग बचाव पथक आत जायचं. सगळ्यांचे मोबाइल गेटवरच जमा असल्यामुळे आतल्या माणसाचा पत्ता लावायला दुसरं साधन नव्हतं.

"म्हणजे मी आत आहे हे फळ्याला कळणार नाही," सपना म्हणाली.

"वहीला कळेल ना!"

सपनानं कार्ड उचललं. दारातून बाहेर पडताना ती हेमांगीकडे वळली.

"ताई, अक्षर छान आहे तुमचं."

त्या संध्याकाळी बसमध्ये शेजारणीनं दोनदा हाक मारली, ती हेमांगीला ऐकू गेली नाही.

तात्पुरत्या सोयीला तीन आठवडे झाले. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ड्रम शेड दिसायची. रोज पावणेतीनला पॅकिंग थांबलं की बायका हसत-बोलत एका बाजूला जायच्या आणि सपना कपड्यांची पिशवी घेऊन एकटी दुसऱ्या बाजूला. स्टोअरच्या दाराला आतून कडी नव्हती. पोरं दार ढकलून पळतात म्हणून ती आतून रिकामा ड्रम लावून ठेवते, हे येसूबाईंनी हेमांगीला सांगितलं. हेमांगीनं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

तेव्हापासून तिचं कामात लक्ष लागेना. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडताना फिका गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. तिचा हात चुकायचा, एखादा थेंब जास्त पडायचा आणि चंचुपात्र गडद व्हायचं. पुन्हा सुरुवात. काय केलंय तिनं? कवा? तारीख टाक. अर्ज मागं घ्यावा असं तिनं एका सोमवारी ठरवलं. मग वाटलं, स्वाती काय म्हणेल? बाकीच्या जेवायला बोलावतील का? तो सोमवार गेला. पुढचाही गेला.

त्या गुरुवारी दुपारी तीनला दहा कमी असताना भोंगा वाजला.

सराव असला की आदल्या दिवशी सूचना लागते. तशी सूचना नव्हती. हेमांगीनं खिडकीतून पाहिलं. ड्रम शेडजवळ जमिनीलगत पांढऱ्या धुराचा लोट पसरत होता. थायोनिल क्लोराईड! ड्रममधून माल खेचणारी नळी निसटली होती. त्या द्रवाला हवेतला ओलावा लागला तरी पुरे, त्यातून आम्लाचा आणि गंधकाचा झोंबणारा वायू सुटतो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी शेडच्या मागच्या बाजूकडे फडफडत होती. म्हणजे गेट सुरक्षित होतं. ती नाकावर रुमाल दाबून धावली.

गेटजवळ गर्दी झाली होती. बायका तशाच धावत आल्या होत्या. कुणाच्या अंगावर अर्धा गणवेश, कुणाच्या पायांत चपलाच नाहीत. सुका दोन्ही फळे खांद्यावरून घेऊन आला. बचाव पथकाची दोन माणसं पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तयार होती. रांगा लागल्या आणि मोजणी झाली.

"पुरुष एकशे बारा. फळ्यावर एकशे बारा!"

"महिला सतरा. फळ्यावर सतरा!"

"हेडकाउंट पूर्ण," निमेश सरांनी वॉकीटॉकीवर कळवलं. "आत कुणीही नाही. फक्त गळती थांबवा."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पथकातल्या एकानं मुखवटा वर केला. स्वाती हेमांगीच्या गळ्यात पडली. "वाचलो बाई! सगळे वाचलो."

हेमांगीलाही हलकं वाटलं, पण क्षणभरच. आकडा जुळला होता. प्रयोगशाळेत आकडा इतका सहज जुळला, की ती एक गोष्ट पुन्हा बघायची. एखादा नमुना यादीतच घ्यायचा राहून तर गेला नाही ना? सतरा. गेल्या महिन्याच्या सरावाला किती होत्या? ती स्वतः रांगेत उभी होती. सुका ओरडला होता, महिला अठरा.

"सपना!" ती किंचाळली. "सपना कुठे आहे?"

सुकाचा चेहरा पांढराफटक पडला. "ती... ती वहीत हाय. वही केबिनात ऱ्हायली."

"आज आली होती का ती?" निमेश सर.

"आलीय सायेब. सकाळी माज्यासमोर सही केलीय."

"मग मागच्या बाजूनं निघून गेली असेल."

"त्या खोलीला मागचं दार नाही, सर!" हेमांगीचा आवाज चिरकला. "एकच दार आहे, आणि ते शेडकडे उघडतं. ती तिथंच आहे. आपणच पाठवलंय तिला तिथं!"

तोवर येसूबाई नाकाला पदर लावून धुराच्या दिशेनं निघाल्याही होत्या. दोघा गार्डनी त्यांना धरलं.

"सोडा मला! अरे, पोर हाय आत! कसली तुमची मोजनी!"

पथक धावलं. भोंगा वाजून अकरा मिनिटं झाली होती. हेमांगी जागच्या जागी उभी राहिली. ती शिकलेली होती, हाच त्या क्षणी शाप वाटत होता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, दाराच्या फटीतून शिरतो. किती वेळात घसा सुजतो, किती वेळात फुप्फुसांत पाणी साचतं, हे सगळं तिला पाठ होतं. बारा मिनिटं. तेरा. चौदा.

पंधराव्या मिनिटाला धुरातून स्ट्रेचर बाहेर आलं. सपनाचे डोळे मिटलेले होते, पण छाती हलत होती. पथकातल्या माणसानं मुखवटा काढून सांगितलं, "दाराच्या फटीत ओले कपडे कोंबले होते हिनं. स्वतः टेबलावर चढून बसली होती. म्हणून जगली."

रुग्णवाहिका आली. "बरोबर कोण जातंय?" चालकानं विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हेमांगी आत चढली.

बोईसरमधल्या एका रुग्णालयात स्ट्रेचर बोळात थांबलं. काउंटरवरच्या कारकुनानं सपनाकडे पाहिलं, मग हेमांगीकडे, मग पुन्हा सपनाकडे. त्याचं पेन हवेतच राहिलं.

"पुरुष की महिला? वॉर्ड टाकावा लागतो, मॅडम."

"महिला."

"नाही, म्हणजे... दिसतंय आम्हाला. वॉर्डातल्या बायकांनी उद्या तक्रार केली तर? मोठ्या डॉक्टरांना विचारून निर्णय..."

निर्णय! सपनाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. हेमांगीनं काउंटरवर हात आपटला.

"तक्रार कशी लिहितात ते मला चांगलं माहीत आहे. मी स्वतः लिहिलीय. तिचा निर्णय होईपर्यंत ही बाई मरायला टेकली! तुम्ही महिला लिहा, खाली माझी सही घ्या आणि आधी ऑक्सिजन लावा."

त्यानं लिहिलं.

सपनाला बोलता आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. आवाज घोगरा, शब्द तुटक. हेमांगी खाटेशेजारी स्टुलावर बसली होती.

"भोंगा ऐकला," सपना म्हणाली. "दार उघडलं तर समोर नुसतं पांढरं. परत लावून घेतलं. बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतलं. ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, अडकलात तर धावू नका, उंचावर बसा. गेटवर मोजणी होते, एक कमी भरला की पथक येतं. म्हणून बसले वाट बघत." ती खोकली. बराच वेळ खोकत राहिली. "ताई, मोजायला उशीर झाला का?"

हेमांगीला हो म्हणता आलं असतं. गोंधळ होता, गर्दी होती, झाला उशीर. सपनानं विश्वास ठेवला असता.

"नाही," ती म्हणाली. "मोजणी वेळेत झाली. तू त्यात नव्हतीस. सतरा बिल्ले, सतरा बायका. सगळ्या आल्या म्हणून आम्ही मोकळ्या झालो."

सपनानं नजर छताकडे वळवली.

"मी माझ्या गुरूच्या घरी आठ वर्षं राहिले," ती म्हणाली. "आम्ही दिवसभर मागत फिरायचो, लोकांच्या शिव्या खायचो. संध्याकाळी जेवायला बसलो की गुरू आधी ताटं मोजायची. एक जरी बाहेर असली, तर कुणी घास उचलायचा नाही. आणि मी ते घर सोडून नोकरीला आले. म्हटलं, कंपनी आहे, कायदा आहे, तिथं तर मोजतीलच."

"मला माफ कर," हेमांगी रडत म्हणाली.

"इथं माझ्यापुढं रडून काय उपयोग? जिथं लिहिलंत, तिथं जाऊन बोला."

हेमांगी गेली. निमेश सर चौकशीचा अहवाल तयार करत होते. 'सदर कर्मचारी नेहमीच्या जागेपासून दूर असल्याने विलंब झाला,' असं वाक्य त्यांनी लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून तिची सही हवी होती.

"हे खोटं आहे, सर. ती तिथं आपण पाठवली म्हणून होती."

"हेमांगी, नोकरीत अजून पुष्कळ वर्षं काढायची आहेत तुम्हाला."

घरी दोघा भावंडांचं शिक्षण तिच्या पगारावर चाललं होतं. तरीही तिनं सही केली नाही. वेगळा कागद घेतला आणि घडलं तसं लिहिलं. अर्ज मी लिहिला. त्यातल्या एकाही वाक्याला पुरावा नव्हता. त्या अर्जामुळे एका कर्मचाऱ्याला मोजणीतून वगळलं गेलं. खाली तारीख, वेळ आणि सही.

मग तिनं ऑफिसातून जुना अर्ज मागून घेतला आणि चेंजिंग रूममध्ये तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचताना तिचा आवाज फाटला.

"आम्हाला काय माहीत असं होईल?" स्वाती म्हणाली. तिचा राग अर्धा झाला होता, भीती दुप्पट. "आम्ही काय तिला मारायला निघालो होतो?"

"नाय गं," येसूबाई म्हणाल्या. "मारायला कोनच निगत नाय. तुमी निस्तं 'आमच्यात नको' म्हनालात. मंग ती ऱ्हानार कुटं? जितं कुनाची नजर जात नाय तितंच ना? तिचं काय झालं ते मंग दिसनार कसं?"

स्वातीनं ओढणीनं डोळे पुसले. "दे तो कागद," ती म्हणाली, आणि अर्ज मागे घेत असल्याचं तिनं स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्याच्या पाठीवर लिहिलं. सोळाही जणींनी सही केली. या वेळी येसूबाईंनी स्वतःहून कागद मागून घेऊन अंगठा दिला.

कारखान्यानं वेगळी वही बंद केली आणि सपनाच्या बिल्ल्याला महिलांच्या फळ्यावर पुन्हा जागा दिली. चेंजिंग रूममध्ये पडदे लागले, आणि गंमत म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त गर्दी पडद्यांआडच झाली. बऱ्याच जणींना ते कधीपासून हवे होते, मागायला मात्र कुणी तयार नव्हतं. सपना सहा आठवड्यांनी कामावर परतली. तिचा आवाज मात्र परतला नाही, तो घोगराच राहिला. ती सगळ्यांशी बोलते, हेमांगीशी मोजकंच. हेमांगीची त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रहो, ही गोष्ट एका कारखान्याची असली, तरी असा अर्ज आपल्या सोसायटीत, शाळेत, कचेरीत कधीही फिरत येऊ शकतो. हिजडा किंवा तृतीयपंथी माणसाला आपल्यातले बहुतेक जण दगड मारत नाहीत. आपण फक्त खोली नाकारतो, रांग नाकारतो, यादीतून नाव बाजूला ठेवतो आणि त्याला तात्पुरती सोय म्हणतो. त्या माणसानं आपलं काय वाईट केलं, हे विचारायचंही आपल्याला सुचत नाही. माणसाचा हक्क फार साधा असतो. संकट आलं की त्याची कुणीतरी वाट बघावी, आणि तो दिसला नाही तर शोधायला निघावं. तो हक्क कुणाकडूनही काढून घेणाऱ्या कागदावर सही करू नका, मग तो कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असो. आणि केली असेल, तर आजच जाऊन ती खोडा. पुढच्या सोमवारची वाट बघू नका!